रात्रपाळी सुटली, पण झोप येईना

तीन वर्षं रात्रपाळी केली. एप्रिलमध्ये दिवसपाळी मिळाली, तरी डोळा लागायचा पहाटे तीनला आणि भूक लागायची रात्री एकला. आई म्हणायची, "नुसतं घुबड झालायस."

गोळ्या नको होत्या. म्हणून उठल्या उठल्या चहाचा कप घेऊन अर्धा तास गच्चीत बसू लागलो. घरातला ट्यूबलाइट कितीही लख्ख वाटला तरी काहीशे लक्सच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप). उघडं आकाश ढगाळ असलं तरी हजारो लक्स देतं. डोळ्यांवाटे हा उजेड मेंदूतलं मुख्य घड्याळ लावतो. पण यकृताचीही स्वतःची घड्याळं असतात, आणि ती जेवणाच्या वेळेवर चालतात. माझं घोडं इथेच अडलं होतं: सकाळी गच्ची, आणि रात्री साडेअकराला फ्रिजमधला गारढोण पुलाव!

मग रात्रीचं जेवण साडेसातला आणलं. सकाळी आठला पोहे, भूक नसली तरी. नऊनंतर मोठे दिवे बंद. (मोबाइल सुटला नाही, खोटं कशाला बोलू.)

पहिला आठवडा ढिम्म फरक नाही. दहाव्या दिवशी अकरालाच जांभया सुरू. आता साडेअकराला झोपतो. रविवारी उशिरापर्यंत लोळलो, की सोमवारी पुन्हा बोंब.