व्हर्जिनिया रील : सहा जोड्या, एक फिडल

19व्या शतकात अमेरिकेच्या पश्चिमेकडे सरकत गेलेल्या वस्त्यांत मक्याची कणसं सोलणं, धान्याचं कोठार उभारणं ही कामं शेजारीपाजारी मिळून करत. काम आटोपलं की फिडल बाहेर निघे. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच. फरक वाद्यात नाही, वाजवण्यात. घर एका खोलीचं असेल तर पलंग-टेबल अंगणात! तिथे नाचला जाणारा व्हर्जिनिया रील नवख्यांनाही एका संध्याकाळी जमतो.

आधी धून ऐका, पावलं नंतर. धुनेचे दोन भाग, प्रत्येक दोनदा वाजतो : अ-अ-ब-ब. एका भागाला 16 पावलं, म्हणजे एका आवर्तनात 64. 'सोल्जर्स जॉय' ही 18व्या शतकापासून वाजणारी धून सरावाला छान. लय मिनिटाला शंभर पावलांपर्यंतच ठेवा. उत्साहात सगळे पळू लागतात आणि रांग मोडते. ठेका हवा असेल तर जुनी युक्ती आहे : फिडलवाला वाजवत असताना दुसऱ्यानं विणकामाच्या सुया त्याच्याच तारांवर, गज आणि बोटं यांच्या मधल्या जागेत, हलक्या हातानं वाजवायच्या.

आता सहा जोड्या समोरासमोर दोन रांगांत उभ्या करा, मध्ये चार-पाच पावलांचं अंतर. वादकाजवळची जोडी पहिली. एकानं पुढची हालचाल मोठ्यानं पुकारायची, आणि तीही दोन पावलं आधी. हा पुकारा उशिरा आला की पाठांतर कामाला येत नाही.

पहिला अ : चार पावलं पुढे, झुकून अभिवादन, चार मागे, हेच पुन्हा. दुसरा अ : जोडीदाराचा उजवा हात धरून फेरी, मग डावा. पहिला ब : दोन्ही हात धरून फेरी, मग दोसीदो, म्हणजे हात न लावता पाठीला पाठ करून एकमेकांभोवती फिरणं. दुसरा ब : पहिली जोडी हात धरून मधून आडव्या उड्या घेत खाली, म्हणजे रांगांच्या दुसऱ्या टोकाला, जाते, परत येते, बाकीचे टाळ्या देतात. (जुन्या पद्धतीत सुरुवातीच्या हालचाली फक्त दोन टोकांची माणसं करत, बाकीचे बघत. सगळ्यांनी एकदम केलेलं मला जास्त आवडतं.)

पुढे पहिली जोडी बाहेरच्या बाजूनं वळते, दोन्ही रांगा तिच्यामागून खाली येतात. तळाशी ती हातांची कमान करते, बाकीच्या जोड्या कमानीखालून वर जातात. दुसरी जोडी आता पहिली. सहा वेळा केलं की सगळ्यांची पाळी होते.

फिडलवाला मिळाला नाही तर गा. काही धार्मिक घरांत फिडल सैतानाचं वाद्य ठरलं होतं. तिथली तरुण मंडळी गाणी म्हणत, टाळ्या वाजवत असंच नाचत, फक्त त्याला नाच न म्हणता 'प्ले-पार्टी' म्हणत.