मेक्सिकोत नव्याने आलेल्यांसाठी : घरच्या साल्सात काय घालावे, काय घालू नये

मेक्सिकोत दरवर्षी आपल्याकडची नवी मंडळी येतात, महिन्याभरात घरी साल्सा (इथली मिरचीची चटणी) करू लागतात आणि मी सुरुवातीला केल्या त्याच चुका पुन्हा करतात, म्हणून हे लिहीत आहे.

आधी बाजारातल्या नावांविषयी. मेक्सिको सिटी आणि आसपासच्या भागात 'तोमाते' मागितले, तर पापुद्र्यात गुंडाळलेले आंबट हिरवे फळ मिळते. लाल टोमॅटोला तिथे 'हितोमाते' म्हणतात, उत्तरेकडे मात्र लाल टोमॅटोच 'तोमाते' असतो. कोथिंबीर म्हणजे 'सिलांत्रो'. तिच्या शेजारीच 'पेरेहिल' नावाची, दिसायला तशीच पण वासाला अगदी वेगळी जुडी ठेवलेली असते, म्हणून पान चुरडून वास घेतल्याशिवाय जुडी पिशवीत टाकू नये.

आपल्या मंडळींची एक सवय मला मनापासून खटकते. घरून आणलेली धने-जिरे पूड चमचाभर घालायची, वर गरम मसाला भुरभुरायचा आणि मग इथल्या साल्सात दम नाही अशी तक्रार करायची. ताज्या साल्सात बहुतेक वेळा मिरची, टोमॅटो, कांदा, कोथिंबीर, लिंबू आणि मीठ यांपलीकडे काही नसते, फार तर लसूण असतो, आणि त्या साधेपणातच तिची चव आहे. जिऱ्याचा हात उत्तरेकडे आणि सीमेपलीकडच्या टेक्सासमध्ये सढळ असतो. तुम्हाला घालायचेच असेल, तर चिमूटभर घाला.

ओरेगानो घेताना 'मेक्सिकन' असे लिहिलेलाच घ्यावा. पिझ्झावरचा ओरेगानो पुदिन्याच्या कुळातला, तर हा त्याहून वेगळ्या कुळातला असून याचा वास जास्त तिखट आणि किंचित लिंबासारखा असतो. सुक्या मिरचीच्या साल्सात तो तळहातावर चोळून घालावा. एपासोते हा उग्र वासाचा पाला मात्र फ्रिहोलेसच्या, म्हणजे इथल्या घेवड्याच्या, उसळीसाठी राखून ठेवावा.

आता सुक्या मिरचीविषयी, कारण माझी सर्वांत महागात पडलेली चूक तीच आहे. घरी तीस माणसे जेवायला यायची होती. ग्वाहियो आणि आर्बोल मिरच्या मी आपल्या काळ्या मसाल्याच्या सवयीने तव्यावर चांगल्या काळपट होईपर्यंत भाजल्या आणि सहा किलो टोमॅटोंबरोबर वाटल्या. रंग सुरेख आला होता, पण पहिल्याच घासाला जीभ कडू झाली. मीठ, साखर, लिंबू घालूनही तो कडूपणा हटला नाही आणि अख्खे पातेले टाकून द्यावे लागले. टोमॅटो, कांदा आणि लसूण यांना काळे डाग पडले तरी चालतात, किंबहुना पडावेतच, पण सुकी मिरची तशी भाजायची नसते. देठ व बिया काढून ती मध्यम तापलेल्या कोमालवर, म्हणजे इथल्या सपाट तव्यावर, दाबून धरावी. साल किंचित फुगून रंग बदलला आणि खमंग वास सुटला की लगेच उलटावी. एका बाजूला काही सेकंद पुरतात. धूर दिसला, तर ती मिरची टाकून द्यावी, वाया जाईल म्हणून पातेल्यात ढकलू नये. मग पंधरा-वीस मिनिटे गरम पाण्यात भिजवावी, आणि ते पाणी चाखून कडू लागले तर वाटणात घेऊ नये.

कोणती मिरची घ्यावी, हे त्यांगिसमधल्या, म्हणजे रस्त्यावर भरणाऱ्या बाजारातल्या, विक्रेत्या बाईंनाच विचारावे. कोणत्या साल्साला काय लागते, हे त्या हातातले काम थांबवून समजावतात. इथल्या माणसांचा हा सढळ जिव्हाळा मला पहिल्या दिवसापासून भावला आहे. फक्त त्यांच्या 'नो पिका', म्हणजे 'तिखट नाही', या शब्दावर विसंबू नये. रंगासाठी ग्वाहियो, धुराच्या चवीसाठी चिपोत्ले, तिखटासाठी आर्बोल घ्यावी. आबानेरो ही फार जहाल मिरची हाताळताना हातमोजे घालावेत.

कोथिंबीर कोवळ्या देठांसकट बारीक चिरून, साल्सा पूर्ण गार झाल्यावरच मिसळावी. गरम साल्सात ती काळवंडते आणि तिचा वास उडून जातो.