स्विचच्या कमांड लाइनवरून नेटवर्कची जोडणी कशी तपासावी

फोंड्याच्या शाखेतून पणजीच्या मुख्य कार्यालयातला सर्व्हर मिळत नाही, अशी तक्रार आली की बहुतेक जण थेट इंटरनेट पुरवठादाराला फोन लावतात. त्याआधी शाखेतल्या स्विचवर (संगणकांना नेटवर्कशी जोडणारे उपकरण) कन्सोल केबलने किंवा एसएसएचने (नेटवर्कवरून सुरक्षित प्रवेशाची पद्धत) प्रवेश करून थोडी तपासणी केली, तर बिघाड आपल्या इमारतीत आहे की बाहेर, हे बरेचदा तिथेच कळते. येथे दिलेल्या कमांड सिस्कोच्या आयओएस या स्विच-राउटरच्या कार्यप्रणालीतल्या आहेत. इतर कंपन्यांच्या स्विचवर त्यांचे शब्द थोडे बदलतात.

सुरुवात पिंगने, म्हणजे एखाद्या पत्त्याला छोटी पॅकेट पाठवून उत्तर येते का ते पाहण्याने, करू नये. आधी 'शो इंटरफेसेस स्टेटस' देऊन संबंधित पोर्ट 'कनेक्टेड' आहे ना, ते पाहावे. तेथे 'एर-डिसेबल्ड' दिसले, तर स्विचनेच ते पोर्ट बंद केलेले असते आणि पुढची तपासणी तूर्त निरर्थक ठरते. मग 'शो आयपी इंटरफेस ब्रीफ' देऊन स्विचचा स्वतःचा आयपी पत्ता ज्या व्हीलॅनवर (एकाच स्विचवर केलेला नेटवर्कचा स्वतंत्र विभाग) आहे, तो 'अप' असल्याची खात्री करावी.

आता डिफॉल्ट गेटवेला (आपल्या नेटवर्कबाहेर जाण्याचा राउटर) पिंग करावे, उदाहरणार्थ 'पिंग १९२.१६८.१०.१'. स्विच १०० बाइटची ५ पॅकेट पाठवतो आणि प्रत्येकाच्या उत्तरासाठी २ सेकंद थांबतो. उद्गारचिन्ह म्हणजे उत्तर आले, टिंब म्हणजे वेळेत आले नाही, आणि 'यू' म्हणजे तो पत्ता गाठता येत नसल्याचे वाटेतल्या एखाद्या उपकरणाने कळवले. पहिलेच टिंब आणि पुढे चार उद्गारचिन्हे आली, तर घाबरू नये. गेटवेचा मॅक पत्ता (उपकरणाचा हार्डवेअर पत्ता) एआरपीने, म्हणजे आयपी पत्त्यावरून तो विचारण्याच्या पद्धतीने, शोधण्यात पहिले पॅकेट अनेकदा वाया जाते. गेटवेनंतर पलीकडचा राउटर आणि शेवटी सर्व्हर, असा क्रम ठेवावा. राउटर उत्तर देतो पण सर्व्हर देत नाही, अशा वेळी सर्व्हरच्या फायरवॉलने पिंग अडवले असण्याची शक्यता आधी तपासावी.

येथे एक गोष्ट हमखास निसटते. साध्या लेयर २ स्विचवरून (व्हीलॅनमध्ये राउटिंग न करणारा) केलेले पिंग मॅनेजमेंट व्हीलॅनमधून, म्हणजे स्विचच्या स्वतःच्या पत्त्याच्या व्हीलॅनमधून, निघते. ते यशस्वी झाले म्हणून लेखा विभागाच्या व्हीलॅनमधला संगणक सर्व्हरपर्यंत पोहोचतो, हे सिद्ध होत नाही. लेयर ३ स्विच (व्हीलॅनमध्ये राउटिंगही करणारा) असेल, तर 'इनेबल' देऊन वरच्या अधिकाराच्या पातळीवर जावे, नुसते 'पिंग' टाइप करावे, एंटर दाबावे आणि विस्तारित प्रश्नांना 'वाय' म्हणून 'सोर्स अ‍ॅड्रेस'मध्ये त्याच व्हीलॅनच्या इंटरफेसचा पत्ता द्यावा. लेयर २ स्विचवर सहसा त्या व्हीलॅनचा इंटरफेस पत्ता नसल्याने लॅपटॉप त्या व्हीलॅनच्या पोर्टला जोडून पाहणेच बरे. याच प्रश्नावलीत पॅकेटचा आकार १५०० करून 'डीएफ बिट' (पॅकेटचे तुकडे करू नका, अशी खूण) लावता येतो. लहान पॅकेट जातात आणि मोठी अडतात, असे दिसले तर वाटेतल्या व्हीपीएनचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) तपासावा.

वाट नेमकी कोठे तुटते, हे 'ट्रेसराउट' दाखवते. मधल्या एखाद्या टप्प्यावर तारका (उत्तर न आल्याची खूण) आल्या, पण पुढचे टप्पे उत्तर देत असले, तर तेथे बिघाड मानू नये. कमांड अर्ध्यावर थांबवायची झाल्यास कंट्रोल, शिफ्ट आणि ६ या कळा एकत्र दाबाव्यात.

पिंगची उत्तरे अधूनमधून गळत असतील, तर 'शो इंटरफेसेस'मधला सीआरसीचा, म्हणजे वाटेत बिघडून आलेल्या फ्रेमचा, आकडा पाहावा. कळंगुट किंवा कोलवासारख्या किनारी भागात खाऱ्या, दमट हवेने आरजे-४५ची (नेटवर्क केबलचा प्लग) टोके गंजतात, आणि पावसाळ्यात हा आकडा वाढताना दिसला तर प्रथम केबलवरच संशय घ्यावा. 'क्लिअर काउंटर्स' देऊन तो पुन्हा वाढतो का, ते पाहावे. ज्या मॉडेलवर केबलची टीडीआर चाचणी (तारेत सिग्नल सोडून दोष शोधणारी) उपलब्ध आहे, तेथे ती कार्यालय सुटल्यावरच करावी, कारण चाचणी चालू असताना त्या पोर्टची जोडणी तुटू शकते.