जुन्या अँबेसिडरच्या कार्बोरेटर अन् मॅनिफोल्डचं पॅकिंग नीट कसं बसवायचं

पेट्रोलच्या जुन्या अँबेसिडरची एक तक्रार आपल्याकडं हमखास ऐकू येते, स्लो (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन हळू चालणं) धरत नाही, गरम झाली की रेस आपोआप वर-खाली होऊन राहते, अन् मधूनच कार्बोरेटरमधून फाट्कन आवाज येते. मग लोक स्लोचा स्क्रू पिळत बसतात. स्क्रूला हात लावायच्या आधी बघा, गाडी पॅकिंगमधून हवा तर नाही घेऊन राहिली? ती हवा बंद झाल्याशिवाय कोणतंच ट्युनिंग टिकत नाही.

इंजिन स्लोवर ठेवून साबणाचं पाणी स्प्रे बाटलीनं कार्बोरेटर अन् मॅनिफोल्डच्या जोडावर थोडं-थोडं मारा. जिथं पाणी आत ओढल्या जाते अन् इंजिनचा आवाज बदलते, तिथंच लीक आहे. काही जण पेट्रोल शिंपडून बघतात, ते अजिबात करू नका भाऊ, या इंजिनात इनटेक (हवा-पेट्रोल आत नेणारं) अन् एक्झॉस्ट (धूर बाहेर काढणारं) ही दोन्ही मॅनिफोल्ड एकाच बाजूला चिकटून आहेत, भडका उडायला वेळ लागत नाही. पाणीसुद्धा एक्झॉस्टवर नको, तापलेलं बीड तडकते.

खोलायचं काम इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच, बॅटरीची वायर काढून, आजूबाजूला बिडी-चूल काही नको. लिंकेजचा (कार्बोरेटरला जोडलेल्या दांड्यांचा) मोबाईलवर फोटो काढून ठेवा. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्रीच तेल सोडा, स्टड तुटला तर काम दुप्पट होते. मग पोर्टमध्ये (इंजिनाच्या उघड्या भोकांत) स्वच्छ फडकी कोंबा अन् ती मोजून ठेवा. जुन्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ते ओलं करून, तोंडाला मास्क बांधून, पात्यानं हळूहळू काढा, ग्राइंडरचा ब्रश लावू नका.

आता खरी गोष्ट. दोन्ही मॅनिफोल्डला पॅकिंग एकच, अन् मधल्या स्टडवरचं जाड वायसर दोघांच्याही फ्लॅंजवर (नटानं दाबायच्या सपाट कडेवर) बसते. कोणी आधी एकच मॅनिफोल्ड घासलं किंवा बदललं असेल तर दोन्ही फ्लॅंजची जाडी सारखी राहत नाही, वायसर जाड फ्लॅंजलाच दाबते अन् दुसरा ढिला राहते, मग पॅकिंग कितीही भारी आणा. म्हणून दोन्ही फ्लॅंज व्हर्नियरनं मोजा. फरक निघाला तर तालुक्याच्या लेथवाल्याकडून वायसरलाच तेवढी पायरी काढून घ्या. मॅनिफोल्डच्या तोंडाचा फेस वाकडा असेल तर तोही प्लेन करायला लागते.

कार्बोरेटरचा बुड जास्त टाईट करून-करून कानापाशी वाकलेला असते. स्टीलची पट्टी आडवी धरून उजेडात बघा, फट दिसली तर जाड काचेवर बारीक एमरी पेपर ठेवून बुड सपाट होईपर्यंत घासा अन् नंतर पूर्ण धुवा, कण आत राहायला नको.

मॅनिफोल्डचं पॅकिंग तयारच घ्या, अमरावती-नागपूरला जुन्या पार्टवाल्याकडं विचारा, घरी कागद कापून लावला तर एक्झॉस्टच्या आगीत टिकत नाही. कार्बोरेटरचं मात्र पेट्रोलला टिकणाऱ्या शीटमधून कापता येते. सिलिकॉन लावू नका! पेट्रोलनं ते फुगते, तुकडे सुटून आत ओढल्या जातात. फेस सपाट असेल तर कोरडं पॅकिंग पुरते. कार्बोरेटर अन् मॅनिफोल्डच्या मधातला फायबरचा ठोकळा कोणी काढून फेकला असेल तर नवा बसवा, दोन्ही बाजूंनी पॅकिंग लावून. आपल्याकडं मे महिन्यात पारा 45 च्या वर जाते, त्यात मॅनिफोल्डची धग थेट चढली की पेट्रोल कार्बोरेटरमध्येच उकळते.

मॅनिफोल्डचे नट मधातून बाहेर, दोन-तीन फेऱ्यांत कसा. कार्बोरेटरचे आळीपाळीनं, छोट्या पान्ह्यानं. गाडी गरम करून पूर्ण थंड होऊ द्या अन् पुन्हा एकदा पान्हा फिरवा.

एवढं करूनही रेस हलत असेल तर डिस्ट्रिब्युटरकडं जाणारी व्हॅक्युमची नळी तडकली का बघा, अन् थ्रॉटलचा दांडा बोटानं हलवून पहा. तो खडखड हलत असेल तर हवा तिथून येऊन राहिली, त्याला बुशच टाकायला लागते, पॅकिंगनं ते थांबत नाही. हे सगळं झाल्यावरच स्लो अन् मिक्सचरचा स्क्रू हाती घ्या.