धाप, बुडी आणि शेगडी: श्वासाच्या या चुका टाळा

पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना दम लागला की बहुतेक जण चालता चालताच भराभर, उथळ धापा टाकतात. त्याने दम आणखीच लागतो. बसल्या जागी आपण एका श्वासात साधारण 500 मिली हवा आत घेतो. त्यातली 150 मिली नाक, घसा आणि श्वासनलिकेतच अडकते, तिची रक्ताशी गाठच पडत नाही. वायूंची देवाणघेवाण होते ती फुप्फुसांतल्या वायुकोशांत. मिनिटाला असे 12 श्वास घेतले तर 6 लिटर हवा आत जाते आणि 4.2 लिटर कामी येते. तेच 250 मिलीचे 24 श्वास घेतले तर हवा तेवढीच, पण वायुकोशांपर्यंत पोचते जेमतेम 2.4 लिटर. चढावर आकडे वाढतात, हिशेब मात्र हाच राहतो. म्हणून दोन मिनिटं थांबा आणि श्वास सावकाश, पूर्ण बाहेर सोडा. पुढचा आपोआप खोल येतो. छातीत दुखत असेल किंवा दरदरून घाम फुटला असेल तर मात्र चढणं सोडा आणि थेट दवाखाना गाठा.

दुसरी चूक विहिरीत आणि कालव्यात पोहणारी पोरं करतात. जास्त वेळ बुडी मारता यावी म्हणून आधी भराभर मोठे श्वास घेतात. निरोगी माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन मुळातच 97-98 टक्के ऑक्सिजनने भरलेलं असतं, त्यात फारशी भर पडत नाही. कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड. आणि ‘श्वास घे’ अशी मेंदूची हाक मुख्यतः त्याच्याच वाढण्यावर येते. मग पाण्याखाली ऑक्सिजन संपत आला तरी गुदमरल्यासारखं वाटत नाही आणि पोरगा आतल्या आत बेशुद्ध होतो. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही हे होऊ शकतं. ‘कोण जास्त वेळ खाली राहतो’ ही पैज दिसली की तिथल्या तिथे मोडा.

तिसऱ्या चुकीची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. निफाडकडे थंडीचा कडाका पडला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. उघड्यावर ते ठीक आहे. पण तेच निखारे शेगडीत घालून झोपायच्या खोलीत आणायचे आणि दार-खिडक्या लावून घ्यायच्या, हे जिवावर बेततं. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग, ना वास. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो. छाती नेहमीसारखी वरखाली होत राहते, वायुकोशांत हवाही येते, पण ऑक्सिजनची जागा रक्तात आधीच अडलेली असते.

‘धूर नाही, म्हणजे धोका नाही’ हा समज इथेच घात करतो. लालभडक, बिनधुराचे निखारेसुद्धा हा वायू सोडतात. कोविडनंतर बऱ्याच घरांत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे, पण त्याच्यावर इथे विसंबू नका. नेहमीच्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन घेतलेलं आणि मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही. माणूस अत्यवस्थ असताना तो 98 दाखवू शकतो.

खोलीतल्या दोघा-तिघांचं एकदमच डोकं दुखू लागलं, मळमळलं, चक्कर आली तर पित्त म्हणून लिंबूपाणी देत बसू नका. सगळ्यांना आधी उघड्यावर आणा, 108 ला फोन करा आणि ‘खोलीत शेगडी पेटलेली होती’ हे डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता सांगा. तेवढ्यावरून योग्य रक्ततपासणी होते आणि ऑक्सिजन लगेच सुरू करता येतो.