सेल्सचा सीव्ही: आकडा लिहा, पण शेजारी टार्गेटही लिहा

अठरा वर्षं सेल्समध्ये गेली, त्यातली शेवटची नऊ माणसं निवडण्यात. एका जागेसाठी शंभर-दीडशे सीव्ही यायचे. टीमचे दिवसभराचे रिपोर्ट बघून झाले की संध्याकाळी मी ते उघडायचे, म्हणजे डोकं आधीच शिणलेलं. लॅडर्स या अमेरिकन नोकरीविषयक वेबसाइटने भरती करणाऱ्यांची नजर कागदावर कशी फिरते ते तपासलं, तेव्हा पहिल्या चाळणीला २०१२ साली सरासरी सहा सेकंद लागत होते आणि २०१८ साली ७.४. वाचून मला जरा ओशाळल्यासारखं झालं, पण माझाही वेग साधारण तेवढाच होता.

तेवढ्या वेळात मी तीनच गोष्टी शोधायचे: काय विकलं, कोणाला विकलं, आणि टार्गेट किती होतं त्यातलं किती झालं. या तिन्ही पहिल्या पानाच्या वरच्या अर्ध्या भागात सापडल्या नाहीत तर सीव्ही खाली जायचा. त्या वरच्या भागात बहुतेकांनी ‘आव्हानात्मक वातावरणात माझ्या कौशल्यांचा उपयोग करण्याची इच्छा’ असलं काहीतरी लिहिलेलं असतं. ते सरळ काढून टाका. मेहनती, मनमिळाऊ, टीम प्लेअर हेही काढा. आळशी आणि भांडखोर असं कोणी लिहीत नाही, त्यामुळे या शब्दांवरून काहीच कळत नाही.

आता एक ओळ घेऊ. ‘विक्रीत लक्षणीय वाढ केली.’ हे वाचून माझ्या हाती काही लागत नाही. मग कोणीतरी सल्ला देतं, आकडे टाक, आणि ओळ होते ‘विक्री ४० टक्क्यांनी वाढवली.’ दिसायला भारी, पण कशाच्या ४० टक्के? पाच ग्राहकांचे सात झाले तरी वाढ ४० टक्केच. अशा ओळीला अनुभवी मॅनेजर भुलत नाही, उलट सावध होतो. तीच ओळ अशी लिहून बघा: ‘२०२२-२३: वार्षिक टार्गेटच्या ११२ टक्के. ३१ डीलर हाती घेतले, १४ नवे जोडले. नऊ जणांच्या टीममध्ये दुसरा क्रमांक.’ आता मला दिसतं की सुरुवात कुठून झाली, किती नवं उभं केलं आणि त्याच बाजारात बाकीच्यांचं काय झालं. शिवाय ते १४ डीलर कसे मिळवले, हे विचारावंसं वाटतं. इंटरव्ह्यूला बोलावणं येतं ते याच उत्सुकतेपोटी.

आकडा मात्र पचवता आला पाहिजे. मी एकदा अभिमानाने ‘टार्गेटच्या १३० टक्के’ लिहून इंटरव्ह्यूला गेले होते. समोरच्याने शांतपणे विचारलं, “टार्गेट वर्षभर तेच होतं?” नव्हतं. मालाचा तुटवडा झाल्याने सहामाहीनंतर सगळ्यांचंच कमी केलेलं. आकडा खरा असूनही माझी त-त-प-प झाली आणि ती नोकरी हातची गेलीच. तेव्हापासून मी प्रत्येक आकड्याचा हिशोब वेगळ्या कागदावर मांडून ठेवते: मूळ टार्गेट, बदललं असेल तर का, टेरिटरी (वाट्याला आलेला भाग) केवढी, आयते मिळालेले ग्राहक किती.

कोणते आकडे द्यायचे ते विक्रीच्या जातीवर ठरतं. दुकानोदुकानी फिरत असाल तर रोजच्या भेटी, त्यातल्या ऑर्डर, नवी दुकानं. कंपन्यांना मोठं काही विकत असाल तर सौद्याचा सरासरी आकार, पहिल्या भेटीपासून सहीपर्यंत लागणारे महिने, आणि दिलेल्या प्रस्तावांपैकी पक्के किती झाले. वसुली तर जवळजवळ सगळेच विसरतात. ‘९० दिवसांवरची उधारी निम्म्यावर आणली’ अशी ओळ दिसली की मी खुर्चीत सरसावून बसायचे; ऑर्डर आणणारे पुष्कळ भेटतात, पैसे आणणारे कमी.

पडलेलं वर्ष लपवू नका. ‘८७ टक्के, दोन मोठे ग्राहक गेले, वर्षअखेर सहा नवे आणले’ एवढं पुरे. जुन्या कंपनीचे दर, मार्जिन, ग्राहकांची नावं मात्र लिहू नका. जो त्यांचं माझ्यापुढे उघडं करतो, तो उद्या आमचंही दुसरीकडे उघडं करणार.

अनुभवच नसेल तर कॉलेजच्या कार्यक्रमासाठी प्रायोजक गोळा केले असतील ते लिहा. ‘६० जणांना भेटलो, ११ जणांनी होकार दिला.’ एकोणपन्नास नकार पचवून साठाव्या दारापर्यंत गेलेला मुलगा मला ‘उत्तम संवादकौशल्य’वाल्यापेक्षा केव्हाही चालेल.

सॉफ्टवेअरचं नुसतं नाव देऊ नका. ‘सेल्सफोर्स (ग्राहकांच्या आणि सौद्यांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर) येतं’ याऐवजी त्यात पाइपलाइन, म्हणजे अजून पक्के व्हायचे सौदे, भरून पुढच्या महिन्याचा अंदाज तुम्ही देत होतात का, ते सांगा.

मांडणीचं थोडक्यात: ताजी नोकरी आधी, दहा वर्षांपर्यंतचा अनुभव एका पानात, वर्षभराच्या आत सोडलेल्या नोकरीपुढे दोन शब्दांत कारण. जाहिरातीत मागितली नसेल तर जन्मतारीख आणि फोटो नको. तक्ते, चौकटी, दोन रकाने टाळा. अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचत असेल तर त्यातला मजकूर उलटसुलट होऊ शकतो. तपासायला सोपी युक्ती आहे, सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. तिथे क्रम बिघडला तर तिकडेही बिघडण्याची शक्यता आहे. फाइलला ‘नवा सीव्ही फायनल २’ नको, स्वतःचं नाव आणि पदाचं नाव द्या.

पाठवण्याआधी स्वतःचा नंबर सीव्हीवरून बघून दुसऱ्या फोनवरून लावा. मला मनापासून आवडलेल्या एका सीव्हीवर नंबरातला एक आकडा गळला होता. ईमेल केला, तो परत आला. दोन दिवस वाट पाहिली आणि तिसऱ्या दिवशी यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावलं.