कॅन्सरच्या उपचारांनंतर हृदयावर नजर: स्मार्टवॉच कसं वापरावं

केमोत डॉक्सोरुबिसिन, म्हणजे ते लाल औषध, मिळालं असेल, ट्रास्टुझुमॅबची इंजेक्शनं झाली असतील किंवा छातीच्या डाव्या बाजूला शेक, म्हणजे रेडिएशन, दिला असेल, तर उपचार संपले तरी हृदयाकडे लक्ष हवंच. लाल औषधाचा आणि शेकाचा त्रास कधी कधी कित्येक वर्षांनी डोकं वर काढतो. नीट वापरलं तर स्मार्टवॉच इथे खरंच कामी येतं.

आधी उपचारांची फाइल काढा. कोणतं औषध, किती डोस, शेवटचा टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) कधी, हे एका कागदावर लिहा. फॉलोअप नागपुरात जामठ्याच्या एनसीआयमध्ये (नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट) असो की तुकडोजी कॅन्सर रुग्णालयात, तो कागद डॉक्टरांना दाखवा आणि ठोके कितीच्या वर गेले तर कळवायचं, हे विचारून घ्या. हृदयाची पंप करण्याची ताकद घड्याळाला कळत नाही, ती इकोतच दिसते. म्हणून ठरलेला इको कृपा करून चुकवू नका.

घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर बांधा, फार घट्ट नको, सैलही नको. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर दुसऱ्या हातावर; शस्त्रक्रियेच्या बाजूच्या हाताला सूज येऊ शकते, तिथे पट्ट्याचा दाब नको.

पहिले दोन आठवडे फक्त नोंद करा: सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, शांत असतानाचे ठोके. त्यातून तुमचा नेहमीचा आकडा कळतो. शेजारणीचा 62 आणि तुमचा 78, दोन्ही ठीक असू शकतात. एखाद्या दिवशी वाढला म्हणून घाबरायचं नाही. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 च्या घरात जातो, अंगातलं पाणी कमी झालं की ठोके वाढतातच. ताप, रक्त कमी असणं, थायरॉइड यांनीही वाढतात. मात्र आकडा आठवडाभर चढाच राहिला, फुटाळा तलावावरच्या नेहमीच्या फेरीतच दम लागू लागला, घोटे सुजले किंवा आठवड्यात वजन 2 किलोंनी वाढलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना गाठा.

घड्याळात ईसीजी असेल, तर धडधड होत असतानाच हात टेबलावर टेकवून 30 सेकंदांची नोंद घ्या आणि पीडीएफ जपून ठेवा. त्यात अनियमित ठोके सापडू शकतात, हार्ट अटॅक नाही. छातीत दुखतंय, दरदरून घाम फुटलाय, भोवळ येतेय, अशा वेळी घड्याळ काहीही दाखवो, 108 ला फोन करा.